‘हे मला समजत नाही’ म्हणणाऱ्याच्या शेजारी बसताना

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8. यरुशलेमहून गज्जाकडे जाणाऱ्या रानातल्या वाटेवर एक रथ चालला आहे. आत कूशी लोकांच्या राणीचा षंढ खजिनदार बसला आहे आणि यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचतो आहे. सुवार्ता सांगत फिरणारा फिलिप्प धावत रथाला गाठतो, काय वाचन चालले आहे ते कान देऊन ऐकतो आणि विचारतो, “आपण जे वाचता ते आपल्याला समजते का?” उत्तर येते, “कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार?” आणि तो फिलिप्पाला वर चढून शेजारी बसायची विनंती करतो.

पवित्र शास्त्र दुसऱ्याला समजावून द्यायचे म्हटले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. मला कुठे एवढे येते? त्याने काही अवघड विचारले तर? मग आपण ‘पाळकांना विचार’ म्हणून मोकळे होतो. मीही कितीतरी वर्षे तेच केले. पुढे हा प्रसंग सावकाश वाचला तेव्हा लक्षात आले की फिलिप्पाने त्या दिवशी फार थोड्या गोष्टी केल्या. तो जवळ गेला. आधी ऐकले. एक प्रश्न विचारला. बोलावल्यावर बसला. आणि त्या माणसाच्या हातात जो उतारा होता, तिथूनच बोलायला सुरुवात केली. तो उतारा, यशया 53, त्याला आतून ठाऊक होता म्हणूनच हे जमले. एवढी तयारी कोणालाही करता येते. तिला वेळ लागतो, पदवी लागत नाही. ती कशी करायची ते क्रमाने लिहिते.

आधी एक पुस्तक आपले करा

संपूर्ण बायबल समजल्यावर मदत करू, असे ठरवले तर तो दिवस येणार नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. त्यातले एक निवडा. मार्कचे शुभवर्तमान चांगले. 16 अध्यायांचे, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि एका बैठकीत वाचून होते. तेही जड वाटत असेल तर फिलिप्पैकरांस पत्र किंवा रूथ घ्या, दोन्ही चार-चार अध्यायांची आहेत.

महिनाभर तेच पुस्तक वाचा. पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. अध्याय आणि वचनांच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा. ते आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केलेली मानली जाते, आणि नव्या करारातली वचनांची आजची विभागणी रोबेर एस्तिएन यांच्या 1551 च्या आवृत्तीतून आली. संदर्भ शोधायला आकडे फार सोयीचे, पण सलग लिहिलेल्या पत्राचे तुकडे पाडण्याची सवयही त्यांनीच आपल्याला लावली.

दुसऱ्या वेळी मोठ्याने वाचा. तिसऱ्या वेळी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक प्रसंगाशेजारी चार गोष्टी टिपा: हे कोण बोलते आहे, कोणाला, याच्या लगेच आधी काय घडले, आणि कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो. अडले तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि ते पुसू नका. उद्या कोणीतरी नेमके त्याच जागी अडणार आहे. तुम्हीही तिथे अडला होता, हे त्याला दिसले की त्याला धीर येतो.

आणि वाचण्याआधी प्रार्थना करा. दुसऱ्याला काय सांगता येईल या नजरेनेच वाचत राहिले, तर वचन आपल्याशी बोलायचे थांबते. हे मी स्वतः भोगले आहे.

भिंतीवरच्या वचनांची मागची-पुढची ओळ

लोक प्रश्न विचारतात ते बहुतेकदा एखाद्या सुट्या वचनाबद्दल. ते वचन घरात चौकटीत लावलेले असते, कोणीतरी निरोपात पाठवलेले असते, किंवा आजारपणात कोणीतरी म्हणून दाखवलेले असते. म्हणून एका वहीत अशी दहा वचने लिहा आणि प्रत्येकाच्या आधीचा व नंतरचा अर्धा अध्याय वाचा. तयारीतले हे सर्वांत उपयोगी काम, असे मी खात्रीने सांगेन. तीन उदाहरणे देते.

ईयोब 8:7. सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट मोठा होईल, या अर्थाचे हे वचन फार आवडते आहे. ते बोलतो कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद. तोही कशासाठी? ईयोबाच्या मुलांनी पाप केले म्हणून ती मेली, आता तू नीट वाग म्हणजे सगळे परत मिळेल, असे तो एका शोकाकुल बापाला ऐकवतो आहे. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव स्पष्ट म्हणतो की या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ सांगितले नाही. म्हणजे वाक्य बायबलमध्ये आहे, पण देवाने स्पष्ट नापसंत केलेल्या बोलण्यातले आहे.

यिर्मया 29:11. तुमच्याविषयी माझ्या मनातले विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे शब्द खरोखर देवाचे आहेत. पण ते एका पत्रात आहेत, आणि ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना आहे. आदल्याच वचनात मुदत सांगितली आहे: सत्तर वर्षे. त्याच्या आधीचा अध्याय वाचला तर हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगताना दिसतो की दोनच वर्षांत सगळे परत येईल. लोकांना ते ऐकायला गोड लागले असणार. यिर्मया मात्र लिहितो: घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. हे कळल्यावर वचनाचे सांत्वन कमी होते का? माझ्या अनुभवात ते वाढते. ज्याची अडचण दोन आठवड्यांत सुटलेली नाही, त्यालाही मग ते धरता येते.

फिलिप्पैकरांस 4:13. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करायला शक्तिमान आहे. परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे वचन हमखास आठवते. पौल लिहितो तेव्हा तो बेड्यांत आहे, आणि आधीच्या दोन वचनांत म्हणतो की विपुलतेत कसे राहावे आणि उपाशी कसे राहावे हे मी शिकलो आहे. त्या ‘सर्व काही’मध्ये उपासही मोडतो.

अशी उदाहरणे हाताशी ठेवा, पण त्यांचा सोटा करू नका. कोणी प्रेमाने बिल्ददाचे वाक्य भिंतीवर लावले असेल तर चहूबाजूंनी लोक बसलेले असताना ‘हे चुकीचे आहे’ म्हणू नये. वेळ मिळेल तेव्हा विचारा, “तो सगळा अध्याय एकदा मिळून वाचू या का?”

प्रश्नाच्या मागचा प्रश्न

लूक 24 मध्ये अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न होऊन चालले आहेत. पुनरुत्थित येशू त्यांना गाठतो, आणि सुरुवात कशाने करतो? “तुम्ही कशाविषयी बोलत चालला आहात?” त्यांनी अर्धवट उत्तर दिल्यावर पुन्हा: “कोणत्या गोष्टी?” ज्याच्याविषयी ते बोलत होते तोच त्यांना विचारतो आहे, आणि त्यांची निराशा पूर्ण बोलून होऊ देतो. ‘हाच इस्राएलाची मुक्तता करणारा आहे अशी आमची आशा होती’ हे वाक्य बाहेर पडल्यावरच तो मोशे आणि सर्व संदेष्टे यांच्यापासून अर्थ उलगडायला लागतो.

आपण हे उलटे करतो. प्रश्न अर्धा असतानाच संदर्भ सांगायला लागतो. एकदा एका बाईंनी मला विचारले, “देव प्रार्थना ऐकतो, मग कधी नाही का म्हणतो?” मी लगेच, पौलाने तीनदा विनवूनही न गेलेल्या त्याच्या शरीरातल्या काट्याबद्दल, 2 करिंथ 12 बद्दल, बोलायला लागले. जे बोलले ते बरोबरच होते. दोन दिवसांनी कळले की त्यांची बहीण त्याच आठवड्यात गेली होती. मी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी उत्तराआधी यातले एक तरी विचारते: हा प्रश्न तुम्हाला कधी पडला? कुठे वाचले किंवा ऐकले? तुम्हाला स्वतःला काय वाटते? यातून मुख्यतः तीन तऱ्हेची माणसे समोर येतात. कोणाला माहिती हवी असते. शमरोनी कोण होते, परूशी म्हणजे काय, अशी. ती सांगून टाकावी, लांबवू नये. कोणाला वादच घालायचा असतो, त्याच्याशी एकाच उताऱ्यापुरते बोलायचे ठरवावे, नाहीतर अर्ध्या तासात वीस विषय होतात आणि हाती एकही लागत नाही. आणि कोणी दुःखात असते. तिथे ईयोबाच्या मित्रांचा पहिला आठवडा आठवावा. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते चुकले ते बोलायला लागल्यावर.

प्रत्यक्ष बैठक

आता मुख्य काम. कोणी म्हणाले की मला हे समजावून सांगा, तर पाऊण तासाची वेळ ठरवा. दोघांसमोर उघडे पुस्तक हवे, तुमच्या एकट्याच्या नव्हे. शक्य असेल तर दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे घ्या. जिथे दोन्हींत फरक दिसेल तिथे बहुधा मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्दात काही खोली असते, आणि तुम्हाला त्या भाषा येत नसल्या तरी थांबायचे कुठे ते कळते.

उतारा दहा-पंधरा वचनांचाच असू द्या. वाचायला त्यालाच सांगा. अडखळला तर अडखळू द्या. मग पहिला प्रश्न नेहमी दिसणाऱ्या गोष्टींबद्दल: कोण आहे, काय करतो, काय म्हणतो? अर्थ नंतर. ‘यातून आपण काय शिकतो’ हा प्रश्न सुरुवातीलाच टाकला की लोक उतारा सोडून पाठ असलेले उत्तर देतात.

मत्तय 18:21-35 घेऊन दाखवते. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू दृष्टांत सांगतो. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणे आहे. राजा ते माफ करतो. तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

समोरच्याला विचारा, दोन्ही देणेकरी काय म्हणतात? तो शोधेल आणि त्याला सापडेल की दोघांचे वाक्य जवळजवळ एकच आहे: थोडे थांबा, मी फेडीन. हे तुम्ही सांगू नका. त्याला सापडले तर ते त्याचे होते.

एक गोष्ट मात्र त्याला पानावर सापडणार नाही, आणि ती सांगणे हेच तुमचे काम. मत्तय 20 मध्ये एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. मग त्याला हिशेब करू द्या. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. आणि हा चाकर राजाला म्हणतो आहे, “मी सगळे फेडीन.” कागदावर तो आकडा स्वतः लिहिल्यावर माणसे गप्प होतात. ती शांतता मोडू नका.

नंतर शंभर दीनारांकडे या. इथे समजावणारे घाई करतात आणि म्हणतात, दुसरे देणे क्षुल्लक होते. तसे नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे चार महिन्यांची कमाई, गरीब घरासाठी मोठीच रक्कम. येशू असे म्हणत नाही की तुझ्यावर झालेला अन्याय काहीच नव्हता. ज्याचे खरोखर नुकसान झाले आहे त्याला हे ऐकणे गरजेचे असते. क्षमेचा उतारा अशा माणसाच्या डोक्यावर दगडासारखा टाकला जातो, तेव्हा बहुधा हा शंभराचा आकडा नीट मोजलेला नसतो. आणि समोरची व्यक्ती सध्या मारहाण किंवा छळ सोसत असेल, तर उतारा बाजूला ठेवून आधी तिची सुरक्षितता बघा. त्याच अध्यायात, 15 ते 17 वचनांत, चूक करणाऱ्याला जाब विचारण्याची आणि साक्षीदार नेण्याची रीत सांगितली आहे. क्षमा म्हणजे गप्प बसणे, असे हा अध्याय कुठेही म्हणत नाही.

शेवटची दहा मिनिटे एका प्रश्नाला द्या: हे ऐकून पेत्राला काय वाटले असेल, आणि तुम्हाला काय वाटते? उत्तर आले नाही तरी चालेल.

माहीत नसेल तेव्हा

‘मला माहीत नाही’ म्हणा आणि तिथेच वार ठरवून द्या: शुक्रवारपर्यंत बघून सांगते. मग खरोखर सांगा. हे दोन-तीनदा पाळले की तुमच्या बाकीच्या शब्दावर विश्वास बसतो. रेटून दिलेले एक चुकीचे उत्तर मात्र वर्षानुवर्षे त्या माणसाच्या मनात शास्त्र म्हणून राहते. याकोब 3:1 मध्ये शिक्षक होणाऱ्यांना अधिक कडक न्यायाची ताकीद आहे, ती मी विसरत नाही. आणि 2 पेत्र 3:16 मध्ये तर पेत्रच लिहितो की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत. पेत्राला कठीण गेले ते आपल्याला गेले तर लाज कसली!

शोधायचे कुठे? आधी समासातले संदर्भ, मग शब्दसूची, मग टीकाग्रंथ, मग पाळक किंवा धर्मगुरू. या क्रमाने गेले की उत्तर उसने राहत नाही.

दोन जागी पूर्वतयारी हवीच. पहिली, पुस्तकांच्या संख्येचा आणि तळटिपांचा प्रश्न. चौकस वाचक विचारतोच की 66 का आणि 73 का, किंवा मार्क 16:9-20 कंसात का आहे. सरळ सांगा: कॅथलिक बायबलच्या जुन्या करारात सात पुस्तके जास्त आहेत. मार्कची शेवटची बारा वचने सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत नाहीत, म्हणून प्रामाणिक भाषांतरे तसे नोंदवतात. फिलिप्पाच्या त्याच गोष्टीत 8:37 हे वचनही याच कारणाने अनेक आवृत्त्यांत तळटिपेत गेले आहे. लपवलेली गोष्ट त्याला दुसरीकडून कळली तर तो तुमच्यापासूनही दूर जाईल आणि पुस्तकापासूनही.

दुसरी, मंडळ्यांमधले मतभेद. बाळांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आत्म्याची दाने. ‘आमच्या मंडळीत असे मानतात, या वचनांवरून. दुसऱ्या मंडळ्या तसे मानतात, त्या वचनांवरून.’ दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडून मग आपले मत सांगावे.

चुकलेल्याला सावरताना

इफिसमध्ये अपुल्लो सभास्थानात आवेशाने बोलत होता. वक्ता उत्तम, शास्त्रात प्रवीण, पण बाप्तिस्म्याविषयी त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापर्यंतचेच ठाऊक होते. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी ते ऐकले. सभेत उठून त्यांनी काही म्हटले नाही. त्याला आपल्याकडे घेऊन गेले आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावला. दोघांचा धंदा तंबू बनवण्याचा, तरी मोठ्या विद्वानाला त्यांचे म्हणणे पटले. प्रेषितांची कृत्ये 18 मधली ही चार ओळींची गोष्ट प्रत्येक बायबल अभ्यास घेणाऱ्याने वर्षातून एकदा वाचावी. मी स्वतः चारचौघांत चूक काढली आहे, आणि ती व्यक्ती पुन्हा कधी अभ्यासाला आली नाही.

1 पेत्र 3:15 आपण ‘उत्तर द्यायला सदैव तयार राहा’ एवढेच पाठ करतो. वाक्य पुढे चालू राहते: सौम्यतेने आणि आदराने. आणि त्यात विचारणारा समोरचा आहे. त्याने विचारले नसेल तर वाट बघा. विश्वास न ठेवणारा माणूसही शास्त्र समजून घ्यायला येऊ शकतो. त्याला अर्थ समजावा म्हणून मदत करा, हो म्हणवून घेण्याची घाई करू नका. तो तुमच्याजवळ बोलला ते प्रार्थनेच्या निमित्तानेही दुसऱ्या कोणाला सांगू नका. ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याला असे-असे झाले आहे’ यातून कितीतरी मने मिटली आहेत.

उठताना

बैठक संपली की पुढचा उतारा त्याला निवडू द्या. एक प्रश्न लिहून द्या, उत्तर न लिहिता. तीन-चार भेटींनंतर वाचताना प्रश्न तो विचारतो आहे आणि तुम्ही शोधता आहात असे व्हायला लागले, तर भेटी कमी करा.

फिलिप्प त्या खजिनदाराला एकदाच भेटला. बाप्तिस्म्यानंतर आत्म्याने फिलिप्पाला नेले, तो त्याच्या पुन्हा दृष्टीस पडला नाही, आणि खजिनदार आनंद करत आपल्या वाटेने गेला. घर लांब होते, आणि यशया त्याच्याजवळ होता. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद 23:1 मध्ये, त्याच्यासारख्या षंढाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारलेला आहे. तो वाचत होता त्या जागेपासून तीनच अध्याय पुढे, यशया 56 मध्ये, देव षंढांना उद्देशून म्हणतो की मी तुम्हाला आपल्या घरात मुलगे आणि मुली यांच्यापेक्षा उत्तम नाव देईन, कधी न मिटणारे. तिथपर्यंत तो कधी पोहोचला हे पुस्तक सांगत नाही. फिलिप्प तेव्हा रथात नव्हता.